मामाच्या हातचे दोन डबे: स्टेजवरच्या स्टिरिओ गिटारसाठी करून घेतलेल्या कॅबचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा कुठल्या मोठ्या कंपनीच्या मालाचा रिव्ह्यू नाय. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला एक सुतारमामा हायत, वर्षातले बरेचसे महिने डीजेचे बेस बॉक्स करतात, त्यांच्याकडनं मी गिटारसाठी १ बाय १२ चे दोन कॅब, म्हणजे आत बारा इंची एकच स्पीकर असलेले नुसते डबे, करून घेतले. त्याला आता दोन सीझन झाले. गणपती, लग्नसराई, कॉलेजांची गॅदरिंगं, एक-दोन हॉटेलातले कार्यक्रम, सगळं त्याच्यावर वाजवून झालंय, एकदा पावसात भिजवून पण झालंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाय असं वाटलं. आणि गेल्या महिन्यात तीन पोरांनी मला एकच प्रश्न विचारला की दादा स्टिरिओला कुठला कॅब घेऊ, प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा हे एकदाच टाइप केलेलं बरं.

माझा सेटअप काय हाय ते सांगतो म्हणजे पुढचं कळंल. आम्ही पाचजण, जुनी हिंदी-मराठी गाणी आणि मधे मधे आमचा नाद. माझ्याकडं लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प हाय (इफेक्ट देणारी आणि अँपची नक्कल करणारी पायाखालची डिजिटल पेटी) आणि पेडलबोर्डवर मावतो असा एक छोटा क्लास-डी स्टिरिओ पॉवर अँप, ८ ओहमला साइडला ५० वॅट. म्हणजे अँपचं डोकं पायाखाली, फक्त आवाज बाहेर काढायला डबे पाहिजेत.

स्टिरिओचं याड लागलं ते रोलंडच्या जेसी-१२० मुळं. १९७५ साली आलेला अँप, आजही मिळतो. त्यात बारा इंची दोन स्पीकर आणि दोघांना वेगळे वेगळे ६० वॅटचे पॉवर अँप. कोरस चालू केला की एका स्पीकरमधनं साधा आवाज येतो आणि दुसऱ्यातनं तोच आवाज जरा वर-खाली हलवलेला, आणि दोन्ही मिसळतात ते डब्याच्या आत नाय, बाहेर हवेत. म्हणून त्याच्यासमोर उभं राहिलं की गिटार कानात फिरल्यासारखी वाटते. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा जिथं उभा होतो तिथनं हललो नव्हतो, सिंगर म्हणतेय चल चहाला आणि मी आपला एकच ई मायनर वाजवत बसलोय. तेव्हापासनं एका स्पीकरवर कोरस लावला की मला ते खोट्या सोन्यासारखं वाटायला लागलं.

मग जेसी-१२० च का घेतला नाय? एक म्हणजे पैसे. दुसरं म्हणजे वजन तीस किलोच्या घरात आणि माझ्याकडं गाडी म्हणजे अॅक्टिव्हा आणि किबोर्डवाल्याची ओम्नी, ती पण त्याच्या वडलांचा मूड बघून. तिसरं कारण मला नंतर कळलं आणि तेच महत्त्वाचं, त्यावर येतो.

पहिला सीझन मी भाड्याच्या ४ बाय १२ वर काढला. मोठ्या ४ बाय १२ कॅबला मागं एक स्विच असतो बघा, मोनो-स्टिरिओचा. मार्शलचा १९६०ए घ्या उदाहरणाला, मोनोला ४ किंवा १६ ओहम, स्टिरिओला टाकला की डावीकडचे दोन स्पीकर एक ८ ओहम आणि उजवीकडचे दोन दुसरे ८ ओहम. दोन बाय बारात पण तसलीच सोय मिळते, मार्शलच्याच १९३६ मध्ये स्टिरिओला दोन्ही साइड १६-१६ ओहम होतात. मला वाटलं झालं की काम, एक डबा आणि स्टिरिओ, अजून काय पाहिजे. राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये पहिल्या मजल्यावर तो डबा आम्ही तिघांनी मिळून चढवला, छत्तीस-सदतीस किलोचा ऐवज, लिफ्ट नाय, ड्रमर दर तिसऱ्या पायरीवर माझ्या घराण्याचा उद्धार करत होता. वर नेला, लावला, पिंगपाँग डिले (एकदा डावीकडनं, एकदा उजवीकडनं येणारा प्रतिध्वनी) टाकला आणि हॉलच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. डावं-उजवं काय कळंना. एकाच भोकातनं सगळं येतंय.

का, तर असला डबा असतो सत्त्याहत्तर सेंटीमीटर रुंद. आतल्या डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या मधल्या बिंदूंत धरा फार तर चाळीस सेंटीमीटर. डब्याला नाक लावून उभं राहिलं तर स्टिरिओ, दहा-बारा फुटांवर गेलं की दोन्ही स्पीकर कानाला एकच. आणि स्टेजवर मी स्वतः डब्यापासनं सहा फुटांवर, जरा तिरका, मला पण काय नाय. म्हणजे छत्तीस किलो वर चढवून मी मोनो वाजवत होतो. जेसी-१२० चं पण शेवटी तेच हाय, समोर उभं राहिलं तर स्वर्ग, पण दोन्ही स्पीकर एकाच पेटीत आणि हॉलच्या शेवटच्या खुर्चीवर त्यातलं किती पोचतं हा प्रश्नच हाय.

तिथं माझं डोकं उघडलं. स्टिरिओत स्पीकरपेक्षा मधली जागा महत्त्वाची, आणि जागा करायची तर डबे दोन पाहिजेत, वेगवेगळे, एकट्या माणसाला एका हातानं उचलता येतील असले, आणि दोन्ही सेम टू सेम. यातलं शेवटचं 'सेम टू सेम' मी लगेच ऐकलं नाय, त्याची शिक्षा भोगली.

झालं असं की एका मित्राकडं सेलेशन कंपनीचा व्हिंटेज ३० स्पीकर पडलेला होता, तो मिळाला स्वस्तात. नाव व्हिंटेज ३० असलं तरी तो ३० वॅटचा नाय बरं का, ६० वॅटचा हाय, बरीच पोरं इथंच फसतात. दुसऱ्या साइडला माझ्याकडं जुना एक स्पीकर होता ९७ डेसिबलवाला. म्हंटलं डावीकडं हा, उजवीकडं तो, दोन वेगळे टोन, अजून भारी. इंटरनेटवर पण लोक म्हणत असतात की वेगवेगळे स्पीकर मिसळा. एकाच डब्यात मिसळायला ठीक हाय ते. पण व्हिंटेज ३० ची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल, म्हणजे तेवढ्याच वॅटला तो तीन डेसिबल जास्त बोंबलतो, आणि तीन डेसिबल म्हणजे दुसऱ्या बाजूला पॉवर डबल केल्यावर जे मिळंल ते. वर त्याचा वरचा मिड (मधल्या सुरांचा वरचा भाग) पुढं आलेला, कान आपोआप तिकडं वळतो. कार्यक्रमात काय झालं, अख्खी गिटार डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली, उजवीकडनं नुसती सावली. मी पॅचमध्ये (स्टॉम्पमधल्या सेव्ह केलेल्या सेटिंगमध्ये) उजवी साइड वाढवली तर सॉफ्ट वाजवताना बरोबर आणि ड्राइव्ह टाकला की परत डावीकडं पळाली, कारण फरक नुसता व्हॉल्यूमचा नव्हता, आवाजाच्या जातीचाच होता. दोन बैल जुंपले आणि एक पैलवान एक वासरू, गाडी गोलच फिरणार.

मग सरळ एकाच मॉडेलचे दोन घ्यायचे ठरवलं. माझ्यापुढं सेलेशनचे होते ते सांगतो. व्हिंटेज ३० ची जोडी: मस्त स्पीकर, रॉक वाजवणाऱ्यानं डोळे झाकून घ्यावा, पण आमच्यात बाई गाणारी हाय आणि तिच्या आवाजाच्या नेमक्या जागेवर तो मिड येऊन बसतो. ग्रीनबॅक: आवाज लाजवाब पण स्पीकर २५ वॅटचा, माझा अँप साइडला ५० देणार, कधीतरी जोशात फुकून बसला असता. सेव्हंटी ८०: ८० वॅट, ९८ डेसिबल, तयार कॅबमध्ये बऱ्याचदा हाच येतो, स्वस्तात पडतो, वाईट नाय पण माझ्या कानाला क्लीनमध्ये (डिस्टॉर्शन नसलेल्या आवाजात) जरा कोरडा. शेवटी क्रीमबॅक जी१२एम-६५ घेतले, ६५ वॅट, ९७ डेसिबल, ८ ओहम, दोन नग. ग्रीनबॅकच्याच घराण्यातला पण ताकदीचा, कोरस आणि रिव्हर्ब टाकलं की वरचा भाग टोचत नाय. आवाजाला व्हिंटेज ३० पेक्षा कमी हे खरं, पण दोन हायत की. स्पीकर मुंबईहून मागवले, कोल्हापुरात एका दुकानात विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला गिटारचा स्पीकर वेगळा नसतो, बारा इंची तो बारा इंची, कारचा बसवा. मी नमस्कार केला आणि निघालो.

(कारचा बसवू नका. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर जवळपास गाशा गुंडाळतो आणि ते मुद्दाम तसं असतं, म्हणून तर डिस्टॉर्शन माश्या घोंगावल्यासारखं येत नाय.)

आता मामा. मामांच्याकडं गेलो तेव्हा गणपतीला दीड महिना होता, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मी वरातीत येऊन कांद्याचा भाव विचारल्यासारखं होतं. शेडमध्ये माणूस आत झोपंल असले बेस बॉक्स उभे. मी कागदावर काढलेलं दाखवलं, बाहेरनं २० इंच रुंद, १८ उंच, ११ खोल. मामांनी चष्मा कपाळावर घेतला, कागद उलटा करून बघितला मागं अजून काय हाय का, आणि म्हणाले, "एवढासा? आरं ह्यात आवाज तरी बसंल का?"

म्हंटलं, "मामा, गिटारचा हाय."

"मंग तसं सांग की. रेडिओ करायचाय म्हण."

पण माणूस कामाचा पक्का. एमडीएफ म्हंटलं की तोंड वाकडं केलं, "पाऊस लागला की पापडागत फुगतंय," १८ एमएमचा मरीन प्लाय, ७१० ग्रेडचा, त्यांच्याकडं बेस बॉक्सचे उरलेले तुकडे होते त्यातनंच दोन्ही बसवले त्यामुळं मला स्वस्तात पडलं. हे मला आधी माहीत नव्हतं पण एकाच शीटचे तुकडे दोन्ही डब्यांना वापरले याचा फायदा झाला असं माझं मत हाय, दोन्ही डबे बोटानं वाजवले तर सारखा टणक आवाज येतो. मामांनी पण तेच केलं, कॅब जोडून झाल्यावर कान लावून चारी बाजूंनी बोटाच्या पेरानं ठोकत गेले, एका जागी थांबले, परत ठोकलं, आणि आतनं एक आडवी पट्टी फेव्हिकॉल लावून मारली. "हितं भणभणतंय." मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा निवडणारे कारागीर पण असंच ठोकून बघतात, बेस बॉक्सवाल्याकडं तोच कान बघून मी गार पडलो.

स्पीकरचं भोक २८३ एमएमचं, त्यांनी राऊटरनं एका फटक्यात काढलं, काठावर सँडपेपर मारला. मागं टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट), पुढनं बोल्ट, म्हणजे स्पीकर चार वेळा काढला-घातला तरी लाकूड झिजत नाय, स्क्रूवर बसवला असता तर दुसऱ्या वेळेलाच आटे गेले असते. मागची बाजू मी तीन पट्ट्यांत करून घेतली, वरची खालची फिक्स आणि मधली सहा स्क्रूवर काढता येणारी. सगळ्या लावल्या तर क्लोज्ड बॅक, मधली काढली तर ओपन बॅक. हे मी सांगितलं तेव्हा मामांना पटलं नव्हतं, "डब्याला मागनं भगदाड कोण ठेवतंय?" पण हीच गोष्ट आता मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

वरनं कव्हर रेक्झिनचं, ते रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडनं घेतलं. कोल्हापुरातल्या रिक्षा किती नटवतात ते सांगायला नको, त्याच्याकडं मेंदी हिरवा, मरून, वाघाचे पट्टे, सगळं होतं, मी गपगुमान काळा घेतला, ड्रमर अजून वाघाच्या पट्ट्यासाठी हळहळतोय. कोपऱ्याला पत्र्याच्या ट्रंकेला लावतात ते कोपरे. पुढची जाळी सोफ्याच्या दुकानातनं आणलेलं विरळ विणीचं कापड, घेताना तोंडाला लावून फुंकर मारून बघितली, फुंकर आरपार गेली तर आवाज पण जाणार. दुकानदार बघतच राहिला. एकेका डब्याला स्पीकर सोडून साडेपाच हजाराच्या आसपास खर्च, स्पीकरसकट वजन सोळा किलो भरलं, आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर मोजलंय. मिळायला मात्र दसरा उजाडला. गणपतीत मामांचा फोन लागत नव्हता आणि लागला तर मागं ढोल.

पहिला कार्यक्रम गांधीनगर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात, संगीत का काय म्हणतात ते. दोन्ही कॅब स्टेजच्या दोन टोकांना, मधे बारा एक फूट. साउंडचेकला वाजवलं आणि पोटात गोळा आला. वर चकाचक, खाली काहीच नाय. डावा एकटा वाजवला तर भरदार, उजवा एकटा वाजवला तर भरदार, दोन्ही चालू केले की बेस पळून गेला, मधोमध उभं राहिलं तर डोकं कुणी तरी दोन्हीकडनं ओढतंय असं. हे ज्याला एकदा झालंय तो ओळखतो, एका स्पीकरची वायर उलटी. एकाचा पडदा पुढं येतोय तेव्हा दुसऱ्याचा मागं जातोय, खालचे सूर एकमेकाला खाऊन टाकतात. बघायचं कसं, तर ९ व्होल्टचा चौकोनी सेल स्पीकरच्या केबलला क्षणभर लावायचा, प्लसला प्लस, पडदा बाहेर आला पाहिजे. सेल कुठं मिळणार त्या वेळेला, बेसवाल्याच्या बेसमध्ये होता अॅक्टिव्ह सर्किटचा, तो द्यायला तयार नाय, म्हणतो तू सेल संपवशील. शेवटी त्याला दोन प्लेट कोथिंबीर वडीचं आमिष दाखवलं. जाळी काढून मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघितलं, डाव्याचा पडदा टुक करून बाहेर, उजव्याचा टुक करून आत. खटक्यावर बोट आणि जाग्यावर पलटी. आतल्या दोन वायरी उलट केल्या आणि परत ई मायनर मारला, तर अख्खा स्टेज भरला. वायरिंग मीच केलं होतं, त्यामुळं कुणाला शिव्या पण देता आल्या नाहीत.

वायरिंगवरनं आठवलं. हे जरा नीट वाचा, इथं अँप जळतात. बऱ्याच छोट्या क्लास-डी अँपमध्ये स्पीकर आउटपुटची मायनस म्हणजे ग्राउंड नसते, तिच्यावर पण सिग्नल असतो. म्हणून दोन चॅनलच्या मायनस कुठं एकत्र जोडायच्या नाहीत, कॅबच्या पत्र्यावर पण नाय. स्टिरिओ ४ बाय १२ च्या जॅक प्लेटमध्ये दोन्ही साइडची मायनस आतनं एकच असली तर असल्या अँपचा निकाल लागू शकतो. दोन वेगळे डबे असले की ही भानगडच मिटते, एका केबलचा दुसऱ्याशी संबंध नाय. ओहमचं सोपं हाय, साइडला एक ८ ओहमचा कॅब. उद्या हौस आली आणि एका साइडला अजून एक ८ चा जोडला तर ४ ओहम होतात, अँपच्या मागं किमान ४ लिहिलंय का बघायचं आणि मगच जोडायचं. सॉलिड स्टेट अँपला १६ ओहम लावला तर जळत बिळत काय नाय, साधारण निम्मी पॉवर मिळते एवढंच. आणि केबल म्हणजे गिटारची केबल नव्हे, तिच्या आतली तार केसाएवढी असते, मी लक्ष्मीपुरीतनं दीड एमएमची दोन कोअरची साधी वायर घेतली आणि जॅक स्वतः सोल्डर केले, वीस-वीस फुटांच्या दोन.

आता वाजतात कसे, मेन मुद्दा. बंद हॉलमध्ये मधली पट्टी काढून ओपन बॅक ठेवतो आणि मागच्या भिंतीपासनं दोन-तीन फूट सोडून, आवाज मागनं पण निघतो, भिंतीवर आपटून येतो आणि गिटार मोठी वाटते, ड्रमरला पण ऐकू येतं. पण मांडवात हे चालत नाय. पहिल्यांदा एका तालमीच्या गणपतीच्या मांडवात ओपन ठेवले तर मागं नुसतं कापड, अर्धा आवाज कापडातनं गल्लीत गेला, मागच्या घरातली आजी म्हणाली गिटार छान वाजवतोस आणि पुढच्या लोकांना काय ऐकू नाय. तेव्हापासनं मांडव म्हणजे पट्टी लावायची, क्लोज्ड, आवाज पुढं आणि खालचा सूर घट्ट. फळ्यांच्या स्टेजवर मात्र क्लोज्ड कॅब खाली ठेवला की फळ्या पण वाजायला लागतात, घुमतं, तिथं केटररचा रिकामा क्रेट उपडा करून त्यावर ठेवतो आणि जरा मागं झुकवतो. झुकवणं गरजेचं हाय, बारा इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चसारखे सरळ फेकतो, खाली ठेवला तर ते माझ्या गुडघ्याला ऐकू जातात आणि मी ट्रेबल वाढवत बसतो आणि पहिल्या रांगेतल्या काकांचे कान फाटतात.

आग लागायच्या आधी केशवराव भोसले नाट्यगृहात एकदा संधी मिळाली होती, तेव्हा हे कॅब नव्हते, भाड्याचा होता. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ चं थेटर, तिथं स्टेजवर हळू वाजवलेलं पण लांब जायचं. ऑगस्ट २०२४ ला ते जळालं त्या रात्री झोप लागली नाय. तिथं हे दोन डबे एकदा लावायचे एवढी एक इच्छा मनात ठेवलीय.

अंतर किती ठेवायचं हा प्रश्न सगळे विचारतात. माझा अनुभव दहा ते बारा फूट. त्याहून लांब नेलं तर एक गंमत होते, आवाजाला एक मीटरला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, बारा फूट म्हणजे दहा-अकरा मिलिसेकंद. आता जो माणूस डाव्या कॅबला चिकटून उभा हाय त्याला डाव्याचा आवाज आधी पोचतो आणि कान सरळ ठरवून टाकतो की सगळं डावीकडनंच येतंय, उजवं वाजत असलं तरी. याला हास इफेक्ट म्हणतात, १९४९ साली हेल्मुट हास नावाच्या जर्मन माणसानं मोजून दाखवलेला. म्हणून मी कुठलाही महत्त्वाचा भाग एकाच साइडला टाकत नाय. मेन गिटार दोन्हीत सारखी, फक्त कोरस, डिले, रिव्हर्ब पसरलेलं. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या मावशींना पण सोलो पूर्ण ऐकू येतो, नुसता डिलेचा प्रतिध्वनी नाय. काहीजण एका साइडला डिस्टॉर्शन आणि दुसरीला क्लीन टाकतात, घरी हेडफोनवर लय भारी वाटतं, स्टेजवर निम्म्या लोकांना अर्धंच गाणं मिळतं.

आणि साउंडवाले दादा. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी पीए (पब्लिकसाठीची मुख्य साउंड सिस्टिम) मोनोच असतो, दोन्ही कॉलमला एकच सिग्नल. मी स्टिरिओ म्हंटलं की दादा विचारतात, "एकच लाइन दे, दुसरी कशाला?" त्यांचं पण बरोबर हाय, लग्नात सनईवाला, अँकर, डीजे, सगळं त्या एका मिक्सरवर. एचएक्स स्टॉम्पला सेंड जॅक स्टिरिओ असतो, त्यातनं वाय केबलनं पॉवर अँपला आणि तिथनं कॅबला सिग्नल नेतो, पॅचमध्ये कॅब सिम्युलेशनच्या (कॅबच्या आवाजाच्या डिजिटल नकलेच्या) आधी. आणि मेन आउटमधनं कॅब सिम्युलेशन लावलेला मोनो पीएला. हे वेगळं करणं गरजेचं हाय, नाय तर सिम्युलेशनवर परत खरा स्पीकर, म्हणजे घोंगडीवर गोधडी. आणि घरीच मोनो करून ऐका एकदा. काही पेडल रुंद वाटावं म्हणून एका बाजूला इफेक्ट सरळ देतात आणि दुसऱ्या बाजूला उलटा, दोन्ही एकत्र झाले की इफेक्ट गायब, तुम्ही स्टेजवर डोळे मिटून तरंगताय आणि पब्लिकला सुकी गिटार. माझ्या एका लाडक्या पॅचचं असं झालं होतं, सहा महिने कळलंच नाय, शेवटी कुणीतरी मोबाईलवर शूट केलेलं बघितलं तेव्हा पाचावर धारण बसली.

म्हणजे मोनो पीए असताना स्टिरिओ कुणासाठी? खरं सांगू, मोठ्या मैदानात माझ्यासाठी आणि पहिल्या चार रांगांसाठी. पण दोनशे-तीनशे माणसांच्या हॉलमध्ये कॅबचा डायरेक्ट आवाजच बराच पुढं जातो आणि तिथं फरक सगळ्यांना कळतो, नाव सांगता येत नाय पण कळतो. सिंगर आता म्हणते की तिच्या दोन्ही बाजूला गिटार असल्यामुळं तिला सुरात राहायला सोपं जातं आणि पहिल्यासारखं डाव्या कानात ओरडत नाय. शिवाय दोन डब्यांत वाटला गेल्यामुळं प्रत्येक डबा कमी व्हॉल्यूमवर ठेवता येतो. रात्री दहा वाजता पोलिसांची गाडी बाहेर थांबली की याची किंमत कळते.

तक्रारी पण हायत, नाय असं नाय. उजव्या कॅबचा एक टी-नट सैल निघाला, जी स्ट्रिंगवर बरोबर एका सुराला करकर यायची, मी दोन आठवडे स्पीकर फाटला म्हणून रडत होतो आणि निघालं साडेतीन रुपयाचं सामान. मामांनी पट्ट्याचं प्लॅस्टिक हँडल लावलं होतं, सहाव्या महिन्यात एक तुटलं, तेही दसरा चौकात भर ट्रॅफिकमध्ये, डबा पडला पायावर, डब्याला काय झालं नाय. रेक्झिन एका कडेला सुटायला लागलंय. आणि सोळा किलो हे काय हलकं वजन नाय, एका हातात एक, पाठीला गिटार, अशी वरात निघते तेव्हा लोक वाट देतात. पाइन वुड घेतलं असतं किंवा निओडिमियम मॅग्नेटचे स्पीकर घेतले असते तर कमी झालं असतं, पण निओचे भाव बघितले आणि म्हंटलं व्यायाम होतोय तेवढाच.

घ्यावं कुणी? जो छोटे-मध्यम हॉल वाजवतो, क्लीन, कोरस, अँबियंट, जुनी गाणी, त्यानं हेच करावं, एकसारख्या स्पीकरचे दोन १ बाय १२. तयार पाहिजे तर ऑरेंज पीपीसी११२ मध्ये व्हिंटेज ३० येतो, १६ ओहमचा, तो जोडीनं घ्या आणि अँपचं ओहमचं गणित आधी बघा. ज्याला मेटल वाजवायचं आणि पोटात धक्का पाहिजे त्याला १ बाय १२ कमी पडंल, त्यानं साइडला एक असे दोन उभे २ बाय १२ घ्यावेत आणि एक टेम्पो. आणि जो पूर्ण मॉडेलरवर (स्टॉम्पसारख्या पेटीवर), ध्वनिमुद्रणातला आवाज जसाच्या तसा मागतो त्यानं गिटार कॅबच्या नादाला लागूच नये, दोन चांगले पॉवर्ड स्पीकर घ्यावेत, ते वेगळं शास्त्र हाय.

परवा हँडल बदलायला दोन्ही डबे घेऊन मामांच्याकडं गेलो होतो. शेडमध्ये कुणाचा तरी मोठा बेस बॉक्स उभा होता, मी म्हंटलं मामा एकदा ऐका तरी तुमचा रेडिओ, आणि शेडच्या दोन कोपऱ्यांत डबे ठेवून कोरस लावला. मामा रंधा हातात धरून मधोमध उभे राहिले, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग बरोबर मधे, जिथं काहीच नव्हतं तिथं, बोट दाखवून म्हणाले, "हितनं कसा काय येतोय रं?" आणि मग लोखंडी हँडल चार मोठ्या बोल्टवर मारून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.